दरी दिसणारी जागा

आंबोलीच्या घाटातल्या त्या घरगुती खाणावळीचा मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला हसून विचारी, "खंयचे तुमी? वाडी खंयची?" त्याचे हे अगत्य मला आवडत असे.

एकदा माझ्या शाळेतले एक शिक्षक सोबत होते. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "बौद्धवाडी."

मालकाचे हसू मावळले नाही. बाहेरच्या पायरीवर पत्रावळ मांडीत तो म्हणाला, "तुमी हंय बसा, मास्तरानू. हंयसून दरी बरी दिसता."

"दरी येतानाच पाहून झाली," म्हणत मास्तर उपाशीच निघून गेले.

त्या गोड स्वराची मला आजही चीड येते. त्याहून अधिक माझी स्वतःची येते, कारण मालकाने आत माझ्या पानापाशी येऊन "सोलकढी घालू?" असे विचारले, तेव्हा मी वाटी पुढे केली.