टाकवलं नाही म्हणून

प्रयोगशाळेत सगळे त्यांना खळकाका म्हणायचे. जीवाणू वाढवायच्या बशांमध्ये ओततात ती खळ शिजवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, आणि एक गुठळी कुणी दाखवून द्यावी! माणूस कामाला वाघ. खोड एकच, हातून काही टाकवत नसे. घरी माळ्यावर रिकाम्या बरण्या, बिनझाकणाचे डबे. "मला तरी ठेवाल का हो असं जपून?" काकू विचारायच्या. "तुला माळा पुरायचा नाही," काका म्हणायचे, आणि मग त्या दिवशी चहा उशिरा मिळायचा.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी संशोधनाला आली. काकांना तिचा भारी लळा. तिनेच त्यांना समजावलं होतं, "काका, जीवाणूची सगळी जनुकं काही गुपचूप जागेवर बसत नाहीत. एखादं उठतं आणि भलतीकडेच जाऊन घुसतं. अशा एका उडाणटप्पूला मी निळा रंग करायला शिकवलंय. पण ते एखाद्या चालू जनुकात जाऊन पडलं, तरच रंग उमटणार. बशीत वाढलेल्या जीवाणूंच्या पांढऱ्या ठिपक्यात निळी टिकली दिसली की समजायचं, मारली उडी!"

"म्हणजे आमच्या धाकट्यासारखं," काका म्हणाले. "आपली खोली सोडून कुठेही झोपतो."

पण उडी काही दिसेना. तिसऱ्या दिवशी बशा बघायच्या, पांढऱ्याफटक निघाल्या की काकांनी त्या नष्ट करायच्या, असं तीनदा झालं. चौथ्यांदाही तेच.

"टाकून द्या, काका," मुलगी म्हणाली. "सोमवारी सरांना पत्र देते. सोडते मी हे."

पोरगी चालली! त्या बशा टाकायला या वेळी काकांचा हात उठेना. खळ सुकू नये म्हणून त्यांनी त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि पुन्हा उबेच्या कपाटात तळाला सरकवल्या.

सोमवारी मुलगी पत्र घेऊन आली, तेव्हा काका नाइलाजाने त्याच बशा टाकायला बाहेर काढत होते.

"अगं ए, आधी इकडे ये!"

प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यात निळ्या टिकल्या उठल्या होत्या. मुलगी रडतही होती, हसतही होती. "यांना वेळ लागत होता, काका! मीच घाई करत होते! कुणी सांगितलं होतं ठेवायला?"

"कुणी नाही गं. टाकवलं नाही."

तिने पत्राचे चार तुकडे केले, ते टेबलावरच सोडले आणि बशा घेऊन सरांकडे धावली. काकांनी तुकडे उचलले. मागची बाजू कोरी होती. एरवी यादी करायला खिशात गेले असते. काकांनी ते आणखी बारीक फाडले आणि केराच्या टोपलीत टाकून दिले.