वहिनीचा न साठवलेला आवाज

महिनोन्महिने कधीच बंद न केलेला पियानो पाहिलाय तुम्ही? आमच्या कामगार सभागृहाच्या कोपऱ्यात होता. डिजिटल. सभा असो वा नसो, त्याचा हिरवा दिवा जळतच असे. वर जुनी चादर, आणि चादरीवर वहिनीचा धाक.

वहिनी म्हणजे जन्मभर शिवणकाम केलेली बाई. दर रविवारी ती निवृत्त कामगारांचं गाणं घ्यायची. सगळेच तिला वहिनी म्हणत, पण सख्खा दीर त्यात एकच. त्यानं आयुष्यभर पत्रे ठोकले आणि कान कारखान्यातच ठेवून आला. बारीक, चकचकीत सूर त्याच्यापर्यंत पोचतच नसत. पियानो नवा आला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. "चालू द्या तुमचं," एवढंच म्हणायचा.

वहिनी हट्टाला पेटली. त्याला शेजारी बसवून एकेक बटण फिरवू लागली.

"आता येतंय ऐकू?"

"नाही."

"आता?"

"डास गुणगुणतोय."

तिनं आवाजाची चकाकी उतरवली, घुमणं काढून टाकलं, खाली ऑर्गनचा जाड सूर मिसळला. असं करत करत एका रविवारी दीर आपणहून गुणगुणला. बेसूर होता, पण होता.

बदललेला आवाज साठवावा लागतो, नाहीतर पियानो बंद केला की तो जातो, हे दुकानदारानं सांगितलं होतं. कसा साठवायचा, ते वहिनीनं विचारलं नाही. "कालचं पोर मला शिकवणार?" तिनं आपला उपाय शोधला. पियानो बंदच करायचा नाही.

मग संघटनेला नवा सचिव मिळाला. शिस्तीचा माणूस. आग लागायला नको म्हणून त्यानं एका शनिवारी सभागृहातले सगळे प्लग उपटले.

रविवारी वहिनीनं पट्टी दाबली, सूर कारखान्यातून आल्यासारखा कोरा करकरीत निघाला. दिरानं खुर्ची भिंतीकडे वळवली.

वहिनी सचिवावर तुटून पडली. "जीभ झडली असती का विचारायला?"

"'बंद करू नका' असा कागद तरी चिकटवायचा होता! आणि आवाज साठवता येतो की त्यात."

"येत असेल. मला येत नाही!"

हे तिनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं. सचिवानं खुर्ची ओढली. "मलाही नाही येत. दुकानात फोन लावू."

पुन्हा तेच बटणं फिरवणं, 'आता येतंय?' 'नाही', असं दुपारभर चाललं. दीर वैतागला, चहा मागू लागला. शेवटी त्याची मान डोलली. तेव्हा वहिनीनं दुकानदाराचं फोनवर ऐकत साठवायचं बटण दाबून धरलं, रिकामी जागा निवडली, पुन्हा दाबलं. मग मन घट्ट करून स्वतःच्या हातानं पियानो बंद केला. चालू केला. आवाज जागेवर होता.

"पहिल्यासारखा नाही हा," दीर म्हणाला.

"मग?"

"ऐकू येतो. वाजव, वहिनी."

हल्ली तो दिवा रात्री विझतो. तुमच्या सभागृहात असाच कुणाचा पियानो चालू दिसला, तर प्लगला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर नाक मुठीत धरून विचारा, पण साठवायचं कसं ते आजच शिकून घ्या.