दहा वेळा 'पाणी'

मंडळी, आज मी वाईट वागले. इथेच कबूल करते.

शिक्षक पात्रता परीक्षेसाठी विरारला मनवेलपाड्यात आमचा क्लास असतो. आज सामान्य विज्ञानाची उजळणी होती. सरांनी विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" आम्ही तीसेक जण माना खाली घालून बसलो.

कळंबच्या सुनंदाताई उठल्या. घर मासेमारीचं, पण अकरा वर्षं त्या एका छोट्या शाळेत शिकवतात. ही परीक्षा पास झाल्या नाहीत तर नोकरी जाणार आहे.

"पानी गोठलं की फुगतं, सर. म्हनून बर्फाची घनता पान्यापेक्षा कमी असते."

उत्तर अगदी बरोबर होतं. सर हसले. "आधी पाणी म्हणायला शिका, बाई. पोरांना काय शिकवणार? म्हणा दहा वेळा."

त्या म्हणू लागल्या. दरवेळी 'पानी'च येत होतं. तिसऱ्या वेळेपासून वर्ग मोठ्याने आकडे मोजायला लागला. मीही मोजले, हसत हसत. दहा झाल्यावर टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी त्यांचंच उत्तर वहीत उतरवून घेतलं.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "ताई, सरांनी असं करायला नको होतं."

त्या बॅग भरत होत्या. "तू पन मोजत होतीस ना? माझ्या मागंच बसलेलीस."

त्या जिना उतरून गेल्या, पुढच्या तासाला आल्या नाहीत. सरांनी विचारलंही नाही.

माझ्याकडे त्यांचा नंबरसुद्धा नाही. तुमच्यापैकी कुणी अशा वेळी उठून बोललंय का? नेमकं काय बोललात?