लाल ठिपका

निघोज्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई स्टीलच्या पट्ट्या भट्टीत तापवते आणि ठोकून मोर, दिवे, खुर्च्या घडवते. बोलणंही घणासारखं, एक वाक्य टाकणार आणि थांबणार. आधी ती कंपनीत तपासणीला होती. मापात न बसलेल्या पार्टवर लाल ठिपका द्यायचा, की तो रिजेक्ट.

एकदा माझ्यासमोरच रावेतचे एक साहेब दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे मोर न्यायला आले. एकाची मान जराशी जास्त वळलेली.

“ताई, हे सेम नाहीत. हा रिजेक्ट करा, दुसरा द्या.”

तिने आतून लाल रंगाचा डबा आणला आणि दोन्ही मोरांच्या छातीवर एकेक ठिपका दिला.

“घ्या. आता सेम हायेत.”

साहेब तणतणत गेले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तेव्हापासून ती प्रत्येक वस्तूवर तो ठिपका देते. मी तिच्याकडून घेतलेल्या दिव्यावरही आहे. मी म्हटलं, “अहो, लोकांना वाटेल माल खराब आहे.”

“वाटू दे की. ह्योच ठिपका देऊन मी लई चांगला माल भंगारात धाडलाय. आता ह्योच ठिपका लोकं दिवाणखान्यात मांडतील.”