तात्पुरती काच

आमच्या साडूंइतका तात्पुरता माणूस साऱ्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कळमनुरीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते अशा बांधून देतात की पुन्हा बघायला नको. पण स्वतःच्या घरात फाटकाला कडीऐवजी तार, नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि चष्म्याच्या दांडीला दोरा. कशालाही हात लावला की आतून आवाज येतो, "भाऊ, जरा जपून. तात्पुरतं हाय." माझं लग्न झालं तेव्हाही फाटकाला तीच तार होती; आता माझी पोरगी लग्नाला आली.

दिवाळीनंतर त्यांनी आपल्या जुन्या गाडीत स्प्रिंकलरचा पाइप तिरपा घातला. तो मावत नाही हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं. "मावतो, मावतो," म्हणत त्यांनी दार आपटलं आणि डावीकडची मागची काच खळकन खाली आली. माणूस निदान हळहळेल असं मला वाटलं. पाइपाचं टोक बाहेर आलेलं पाहून साडू म्हणाले, "पाहा, मावला का न्हाई?"

मग सुरू झाली झाकाझाक. आधी खताच्या गोणीतलं प्लास्टिक लावलं. ते औंढ्याच्या रस्त्यावर उडून एका मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर बसलं. तो शिव्या देत आला, तर साडूंनी त्याच्याकडूनच ते परत मागून घेतलं. नंतर टीव्हीचा खोका लावला. एका अवकाळी सरीत त्याचा लगदा झाला. शेवटी त्यांच्या अकलेनं कळस गाठला. आमचे सासरे गेल्या उन्हाळ्यात वारले, तेव्हा चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. तो घरात गुंडाळून ठेवलेला होता. साडूंनी त्यातून नेमका सासऱ्यांचा फेट्यातला चेहरा कापला आणि खिडकीला चिकटवला. वर 'भावपूर्ण' एवढीच अक्षरं उरली. कळमनुरीत लोक गाडीला हात जोडू लागले, आणि हे गृहस्थ तो मान आपलाच समजून स्टेअरिंगवरून हात उंचावत निघाले. मी झाप झाप झापलं, तेव्हा म्हणाले, "बरं, उलटं करून टाकतो." म्हणजे बाहेरून पांढरं, आणि आत बसणाऱ्याच्या कानाशी सासरे. मला तर त्या गाडीत पान खायचीही चोरी झाली.

मी हे सहा महिने सहन केलं. पण मुलीसाठी जवळा बाजारचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, आणि मुलीच्या मनात भरलेलं. घर पाहायला आम्ही जायचं ठरलं, तेही साडूंच्याच गाडीतून. फाटक्या गाडीतून उतरलो तर समोरचे काय म्हणतील, या धास्तीनं मी आठवडाभर रोज फोन करत होतो, "साडूभाऊ, काच बसवा." ते रोज म्हणत, "व्हय व्हय."

सकाळी गाडी आमच्या हिंगोलीच्या दारात आली, ती फ्लेक्ससकट. माझा तोल गेला. साऱ्या घरादारासमोर मी त्यांची लायकी काढली आणि टेपचं टोक धरून ओढलं. साडू खाली मान घालून उभे होते.

"हात लावू नका, जावायबापू," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. त्या साडूंकडेच राहतात. "काच कवाची आनून ठेवलीय त्यायनं. म्याच बसवू देऊन न्हाई राहिले. या गाडीत बसलं की वाटते, संगं निघालो कुटंतरी."

साडूंनी सहा महिने माझे टोमणे ऐकले होते आणि हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी टेप सोडला. मला स्वतःची लाज वाटली. गाडीत बसलो आणि जवळा बाजार येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

तिथे पोचल्यावर मुलाची आई सासूबाईंना उतरवून घ्यायला गाडीशी आली. आतला चेहरा पाहून ती थबकली. आता हे स्थळ गेलं, असं मी मनाशी धरलं.

"आमचे मालक हायेत," सासूबाई म्हणाल्या. "नातीचं घर पाहाय आले."

त्या बाईनं डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. मग साडूंकडे वळून रागावल्यासारखं म्हणाली, "मंग भाईर काहून बसवलं त्यायला? आत आना की."

साडूंनी नखानं एकेक टेप सोडवला. इतक्या सावकाश, इतक्या जपून काम करताना मी त्यांना त्यांच्या दुकानातही पाहिलं नव्हतं. सासरे बैठकीतल्या खुर्चीवर टेकले, शेजारी सासूबाई बसल्या. मुलाच्या आईनं चहा आणला आणि पहिला कप सासऱ्यांपुढे ठेवला. साडू दोरा बांधलेला चष्मा काढून पुसत होते. मी माझ्या हातातला कप साडूंपुढे केला.