हनुवटी तपासणारे आप्पा

आप्पांना माणसाची आधी हनुवटी दिसायची. नवा कामगार गेटातून आत आला की नाव-गाव काही न विचारता ते त्याच्या गालावरून उलटा अंगठा फिरवायचे. खरखर लागली की म्हणायचे, "जा रे, तोंड खरवडून ये. मग नाव सांग." लग्न ठरलेल्या एकाने त्यांना विचारलंही होतं, "आप्पा, सासऱ्यानं एवढं बघितलं नाय, तुमी काय बघताय?" आप्पा म्हणाले, "सासऱ्याला पोरगी द्यायची हाय. मला तुला जिता घरी धाडायचाय."

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात झिजलेल्या शाफ्टवर, पंपाच्या भागांवर धातूचा नवा थर चढवतात. बूथ नावाच्या बंद खोलीत बंदुकीसारख्या यंत्रातून वितळलेली तार ठिणग्यांसारखी भागावर फवारतात. आवाज इतका की शेजारच्याने दिलेली शिवीसुद्धा वाया जाते. जे भागाला चिकटत नाही, ते धूर आणि धूळ होऊन हवेत राहतं. म्हणून तोंडावर मास्क. त्याची रबरी कड कातडीला घट्ट बसायला हवी. मध्ये दाढीचे खुंट आले की धूर तिथून खुशाल आत शिरतो. आप्पा त्या बूथचे मुख्य कारागीर होते.

मी जवळच्याच वैशाखरे गावची. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेली पहिली. बीएस्सीनंतर सुरक्षेचा डिप्लोमा करून इथे सेफ्टी ऑफिसर म्हणून लागले, तेव्हा माझ्याकडे फाईल होती, शिट्टी होती आणि ऐकणारं कोणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं, 'अंगावरील धूळ झटकण्यासाठी संपीडित हवेचा वापर करण्यास सक्त मनाई आहे.' आप्पांनी ते दोनदा वाचलं.

"हे कोणाला लिवलंस?"

"कामगारांना."

"त्यांना वाटंल, कोर्टाचा कागूद आलाय."

त्यांनी ते पुसलं आणि खडूने लिहिलं, 'हवेच्या पाइपने अंग झाडू नका. कान फुटेल. मग बायको काय बोलते ते कळणार नाही.' दोघातिघांनी हा तर फायदाच आहे असं जाहीर केलं. पण त्या दिवसापासून पाइपला हात लावणारे कमी झाले, आणि मी सूचना लिहायला शिकले.

हे वेड कुठून लागलं ते त्यांनी कधी लपवलं नाही. आधीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी आठ वर्षं नाकाला ओला रुमाल बांधून जस्त फवारलं होतं. संध्याकाळी तोंड गोड व्हायचं आणि हुडहुडी भरायची. सगळे हिवताप समजून गोळ्या घ्यायचे. "शेट रोज गूळ द्यायचा," आप्पा सांगायचे. "आमी गूळ पन खायचो नि धूर पन खायचो. गूळ पोटात जातो गो. धुराची वाट येगळी." आता जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून ते भिंतीची पाहणी केल्यासारखं करत. कंपनीत वर्षातून एकदा नळीत फुंकून फुप्फुसं तपासतात. मागच्या खेपेलाच डॉक्टरांनी बजावलं होतं की आकडा आणखी उतरला तर बूथ बंद. बूथ म्हणजे आप्पांचं सगळं. ते मला म्हणायचे, "माझी फुंकर सरली का तूच मला भायेर काढशील." मी विषय बदलायचे.

श्रावणात आमच्याकडे दाढी करत नाहीत. त्यामुळे श्रावण लागला की निम्मं बूथ साधूंचं व्हायचं. मी दाढी करून येण्याचा हुकूम काढला, तर काशिनाथ नावाचा कामगार म्हणाला, "मॅडम, देवाचं हाय. तुमी नका मधी पडू." मग मी मास्क तपासायचा संच आणला. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत मोठं टोपडं घालायचं आणि आत गोड पाण्याचा फवारा मारायचा. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतोय. नेमका सोमवार होता.

"उपास हाय," काशिनाथ टोपड्यातून म्हणाला. "तोंडात काय घेनार नाय."

"साबुदाना समज," म्हणत आप्पांनी फवारा मारला. "गोड लागतंय?"

काशिनाथने मान हलवली, नाही.

"मग मास्कात मिटक्या कशाला मारतंस रे?"

सगळे हसले. आप्पांनी त्याचा मास्क काढला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "देवाला सांग, आप्पानं जबरदस्ती केली. पाप माझ्या नावावर घाल. तसाबी माझ्या तिथं लई गर्दी हाय." दुपारपर्यंत नऊ जणांच्या दाढ्या उतरल्या. वस्तरा आप्पांनीच आणून ठेवला होता.

दिवाळीनंतर तपासणीची तारीख आली, आणि आप्पांनी घरात गॅस असताना चूल पेटवायला घेतली. फुंकणीने सराव चालला होता. "साऱ्या घरात राख," त्यांची बायको, आमच्या काकू, मला फोनवर म्हणाल्या. "म्हातारा येडा झाला."

तपासणीला आप्पांनी तीनदा फुंकलं. मग म्हणाले, "डाक्टर, तुमची मशीन बिघडली. तुमी फुंकून दाखवा." डॉक्टरांनी फुंकलं. मशीन ठीक होती. आप्पांनी शर्टाची बाही खाली केली आणि ते बाहेर गेले.

त्यांना बूथमधून काढण्याचा कागद मी लिहायचा होता. त्या दिवशी माझ्याने लिहवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि विचारलं, "लिवलास कागूद?"

"नाही."

"मंग मी चाल्लो आत."

ते मास्क चढवून, फवारायची बंदूक उचलून बूथकडे निघाले. मी धावत जाऊन दारात उभी राहिले. हात आडवा धरून म्हणाले, "आप्पा, आत नाही."

कामं थांबली. काशिनाथ म्हणाला, "मॅडम, आप्पांना पन?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्क उतरवला आणि काशिनाथकडे वळले. "का रे, आप्पाची फुप्फुसं काय ष्टीलची हायेत? मॅडम बोल्ल्या भायेर, म्हंजे भायेर. उद्या तुला बोल्ल्या तरी तसंच." त्यांनी बंदूक काशिनाथच्या हातात दिली.

त्या दिवसानंतर मला शिट्टी लागली नाही.

मी त्यांना बाहेर स्टूल दिलं. बूथच्या काळ्या काचेतून आतला काशिनाथ दिसत होता. त्याचं मनगट खाली गेलं की आप्पा काचेवर बॅटरीचा उजेड पाडून हात वर करायचे. दुपारपर्यंत तो सरळ धरायला लागला. मी चहा नेला, तेव्हा आप्पा काचेजवळ कपाळ नेऊन बसले होते.

"इतकी वर्सं आतूनच बघितलं," ते म्हणाले. "भायेरून बरं दिसतंय गो."