यकृत डावीकडे गेलं त्या दिवशी

आमच्या शाळेत वर्गात मोबाईल आणायला बंदी होती. मला अकरावी सायन्सला आठवड्यातून एक तास ती उठवून हवी होती. शरीररचना शिकवायला शाळेत प्लास्टरचा एक अर्धा माणूस होता, त्याला जठर नव्हतं आणि एक फुप्फुस दरवेळी खाली पडायचं. उलट मोबाईलवर, इंटरनेटवरून माणसाचं अख्खं शरीर फुकट मिळत होतं. बोटाने फिरवा, कातडी काढा, स्नायू बाजूला करा, हवा तो अवयव जवळून बघा. कोणीही वापरावं म्हणून ते मोकळं ठेवलेलं होतं.

शाळा समितीचे अध्यक्ष जवळच्याच गावचे, भातशेतीवाले. ते म्हणाले, "बाई, मोबाईलनं पोरं वाया जातात. एक तास आमच्यासमोर घेऊन दाखवा, मग बघू. जमलं नाय तर हा विषय परत काढायचा नाय."

मी तयारी चोख केली. मोबाईलची बंदी अजून होतीच आणि नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं शिळफाट्याला मैत्रिणीच्या घरी लॅपटॉपवर उतरवून घेतलं. आदल्या दिवशी प्रोजेक्टर लावून भिंतीवर पाहिलं. अवयवांची नावं बंद केली, ती मुलांनी सांगावीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी शिपायाने पाहुण्यांसाठी पाच खुर्च्या आणून बरोबर प्रोजेक्टरच्या जागी मांडल्या. समितीला मागच्या बाकावर बसवायची आमच्याकडे पद्धत नाही. मग मी प्रोजेक्टर फळ्यामागच्या सामानाच्या खोलीत नेला, मधल्या दारात पांढरी चादर टांगली आणि उजेड मागून सोडला. चित्र झकास आलं. मी खूश.

कातडी गेली, स्नायू गेले, आतडी दिसली. तेवढ्यात साजगावहून येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली.

"बाई, ह्याचं अपेंडिक्स भलत्याच बाजूला हाय."

"कशावरून?"

"माझं गेल्या वर्षी काढलं नाय का! टाके इकडं हायत." तिने उजव्या कुशीवर हात ठेवला.

मागून एक मुलगा म्हणाला, "तुझंच उलटं असंल गं!"

"आन् डॉक्टर पण उलटा का रं?"

वर्ग हसला. अध्यक्ष खुर्चीतून उठून चादरीजवळ गेले. "पोरगी बरोबर बोलतेय. जत्रेला बकरी मीच सोलतो. लिव्हर उजवीकडं असते. ह्याची डावीकडं कशी?"

चूक माझ्या लक्षात आली. उजेड मागून सोडल्यामुळे डावं-उजवं पालटलं होतं. समितीतल्या एकांनी शेजारी बसलेल्या प्राचार्यांकडे पाहिलं. आता हा विषय कायमचा मिटला, असं मला वाटलं.

"चूक माझी आहे," मी सांगून टाकलं. "पण आता कशालाही हात लावत नाही. ह्याचं अजून काय काय उलटं झालंय, ते तुम्हीच शोधा."

मग जे झालं त्याला शिस्त म्हणता येणार नाही. हृदय, जठर, प्लीहा. मुलं आपल्या अंगावर हात ठेवून ओरडत होती, शेजाऱ्याला उलटसुलट वळवून बघत होती. तीन भागांचं फुप्फुस उजवं की डावं, यावरून दोघांची जुंपली, एकाने पुस्तक उघडून दुसऱ्याला गप्प केलं. पुस्तक आपणहून उघडलेलं मी फार दिवसांनी पाहत होते. सगळं सापडल्यावर मी प्रोजेक्टरमध्ये चित्र उलटवायचं बटण शोधलं. माणूस एका झटक्यात सरळ झाला आणि वर्गाने टाळ्या पिटल्या.

अध्यक्ष चादरीजवळून हलले नव्हते. "ह्यात गुडघा हाय का?"

त्या मुलीने लॅपटॉपपाशी जाऊन गुडघा मोठा करून दाखवला. वाटी सरकवली, आतली गादी दाखवली. "आजोबा, ही झिजली की दुखतं."

"अशीच झिजलीय माझी," ते म्हणाले. मग प्राचार्यांकडे वळले. "दर गुरुवारी एक तास मोबाईल आणू द्या पोरांना. लिहून घ्या."

प्राचार्य लिहायला लागले. अध्यक्ष पुन्हा चादरीकडे वळले होते.

"हां, आता वाकव बघू तो गुडघा. हळू गं, हळू!"